डाग ओसरल्यानंतर

लहान मुलांचे दुखणे आपल्या घरांत डोळ्यांनी मोजले जाते. ताप उतरला, पुरळ मावळले, मूल पुन्हा अंगणात धावू लागले की दुखणे गेले असे समजावयाचे. आणि बहुतेक दुखण्यांत हा हिशेब बरोबरही ठरतो. ज्या एका दुखण्यात तो चुकण्याचा संभव मोठा, त्याविषयी घराघरांतून फारशी माहिती आढळत नाही. म्हणून शिरोळ तालुक्यातील एका कुटुंबाची हकिकत येथे थोडी सविस्तर सांगणे उपयोगाचे होईल. दुखण्याचे आजचे नाव आयजीए व्हॅस्क्युलायटिस. २०१२ साली हे नाव रूढ करण्यात आले. तोपर्यंत ते हेनोख-शॉनलाइन पर्प्युरा या नावाने ओळखले जाई आणि आजही अनेक डॉक्टर बोलताना ‘एचएसपी’ असेच म्हणतात. मुलांमध्ये रक्तवाहिन्यांच्या दाहाचे जे विकार होतात, त्यांत सर्वांत अधिक आढळणारा हाच.

मुलगी सात वर्षांची, दुसरीत शिकणारी. दसऱ्याच्या सुमारास तिला सर्दी-खोकला झाला आणि चार दिवसांत बराही झाला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आंघोळ घालताना आईला तिच्या पोटऱ्यांवर व मांड्यांच्या मागच्या बाजूस तांबडे-जांभळे ठिपके दिसले. हाताला ते किंचित उंच लागत आणि बोटाने दाबले तरी फिके होत नसत. आजीने “अंगात उष्णता भरलीय, पित्त उठलंय” असे निदान करून कोकमाचे सरबत पाजले. संध्याकाळपर्यंत दोन्ही घोटे सुजले आणि मुलीला पाय टेकवेना. गावात डेंग्यूचे रुग्ण होते, त्यामुळे वडिलांनी त्याच रात्री रक्त तपासून घेतले. प्लेटलेट तीन लाखांच्या वर निघाल्या. घरच्यांना तेवढ्याने हायसे वाटले. बालरोगतज्ज्ञांना मात्र त्या आकड्यातून दिशा सापडली. प्लेटलेट पुरेशा असूनही त्वचेखाली रक्त झिरपते आहे, तेव्हा दोष रक्ताच्या गोठण्यात नसून लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींत असला पाहिजे. तिसऱ्या दिवशी पोटात कळा येऊ लागल्या, उलट्या झाल्या. या आजारात कधी कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकतो, म्हणून तातडीने सोनोग्राफी झाली. तसे काही नव्हते. विश्रांती, पॅरासिटामॉल आणि हलके अन्न एवढ्यावर आठवडाभरात कळा थांबल्या. पॅरासिटामॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी मात्र द्यायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. त्यांतील पुष्कळ गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

मूत्रपिंडाचा उल्लेख त्या घरात असा पहिल्यांदा झाला, आणि त्या गडबडीत कोणी तो फारसा मनावर घेतला नाही.

नाक, घसा, आतडे यांच्या आतल्या ओलसर अस्तरावर पहारा देणारे एक प्रतिपिंड असते, त्याला आयजीए म्हणतात. सर्दी-पडशासारख्या संसर्गानंतर काही मुलांच्या रक्तात या आयजीएचे थोडे अपुऱ्या घडणीचे रेणू वाढतात. त्यांच्यावर असावयाच्या साखरेच्या कणांपैकी काही कमी असतात. शरीर त्यांना परके समजून त्यांच्याविरुद्ध दुसरी प्रतिपिंडे तयार करते, दोहोंचे गठ्ठे बनतात आणि ते बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकून तेथे दाह माजवतात. त्वचेत ते अडकले की ठिपके, सांध्यांत सूज, आतड्यांत कळा. मूत्रपिंडात तर रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म केशवाहिन्यांचे गुंते, म्हणजे ग्लोमेरुलस, प्रत्येक बाजूस सुमारे दहा लाख. गठ्ठे तेथेही जाऊन बसतात. फरक इतकाच, की मूत्रपिंड दुखत नाही.

या आजाराच्या इतिहासातही मूत्रपिंडाची पाळी उशिराच आली. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पाच वर्षांच्या एका मुलाचे वर्णन आहे: पायांवर रक्ताचे ठिपके, पोटदुखी, लघवीतून रक्त. सगळे चित्र तेथे आहे, पण त्याला नाव नाही. १८३७ मध्ये शॉनलाइनने ठिपके आणि सांधेदुखी यांची सांगड घातली. त्याचा शिष्य हेनोख याने पोटदुखी जोडली आणि मूत्रपिंडाच्या दाहाची नोंद केली ती अगदी शेवटी, १८९९ मध्ये. गुरूने सांधे पाहिले, शिष्याने पोट; जे बोलत नव्हते त्याकडे लक्ष जायला साठ वर्षे गेली. या मुलीच्या घरात तेच सहा महिन्यांच्या आत व्हायला हवे होते.

लघवीतून प्रथिने जातात की नाही हे पाहण्याची युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवी. अंड्याच्या बलकाभोवतीचा पांढरा भाग जसा थिजतो तशी ती गढूळ झाली, की मूत्रपिंड बिघडले असे तो समजे. १८२७ साली त्याने आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. चमचा-मेणबत्तीची जागा आता रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीने घेतली आहे, तत्त्व तेच राहिले आहे: निरोगी गाळणी प्रथिने रक्तातच राखते.

ठिपके तिसऱ्या आठवड्यात पुसट होऊन गेले. मुलगी शाळेत जाऊ लागली. डॉक्टरांनी आईला पट्ट्यांची एक बाटली आणावयास सांगितली होती आणि सकाळची पहिली लघवी पहिला दीड महिना दर आठवड्याला, पुढे पंधरा दिवसांनी व मग महिन्याला, अशी सहा महिने तपासून तारखेसह लिहून ठेवण्यास सांगितले होते. बाटलीचे झाकण लगेच घट्ट लावायचे, कारण दमट हवेने पट्ट्या खराब होतात; पट्टी बुडवून काढल्यावर एक मिनिट थांबायचे आणि उजेडात बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायचे. पिवळा राहिला तर ठीक, हिरव्याकडे झुकला तर कळवायचे. दवाखान्यात जाऊन रक्तदाब मोजायचा तो वेगळा.

तिसऱ्या रविवारी वडील वैतागले. “अगं, डाग गेले, पाय उतरले, पोरगी उड्या मारतीय. आता दर रविवारी ही बाटली कशाला?” प्रश्न गैर नव्हता. पण त्याचे उत्तर आकड्यांत आहे, आणि तेच या लेखाचे मुख्य प्रयोजन आहे. अशा ११३३ मुलांच्या नोंदी एकत्र करून त्यांचा आढावा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ३४ टक्के मुलांच्या लघवीत दोष आढळला. ज्यांच्यात आढळला त्यांपैकी ८५ टक्क्यांत तो पहिल्या चार आठवड्यांत दिसला, ९१ टक्क्यांत सहा आठवड्यांत आणि ९७ टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत. ज्यांची लघवी त्या काळात स्वच्छ राहिली, त्यांच्यापैकी एकाच्याही मूत्रपिंडास कायमची इजा झाली नाही. सहा महिन्यांची मुदत कोणी लहरीने ठरवलेली नाही, हे यावरून ध्यानात यावे. तीन आठवड्यांवर थांबणे म्हणजे परिपक्वतेच्या आधीच ठेव मोडण्यासारखे आहे.

आईने वाद घातला नाही. तिने चौथ्या रविवारीही पट्टी बुडवली आणि ती हिरवी झाली.

पुढच्या दोन दिवसांत सगळे भराभर उलगडत गेले. गावच्या प्रयोगशाळेने प्रथिनांपुढे नुसती तीन अधिकची चिन्हे लिहून दिली. असा अहवाल अर्धवट असतो, कारण मुलाने पाणी किती प्यायले यावर लघवी पातळ-घट्ट होते आणि चिन्हे कमी-जास्त होतात. प्रथिनांचे क्रिएटिनिनशी गुणोत्तर काढले, की पाण्याचा प्रश्न उरत नाही. ते ०.२ च्या आत असावे. या मुलीचे ३.२ निघाले. लघवीत लाल पेशी होत्या. रक्तातील अल्ब्युमिन उतरले होते आणि सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसू लागली होती. आजीला ती आधीच दिसली होती, झोप जास्त झाली असेल असे तिला वाटले होते. रक्तदाब ११८/७८ भरला. वडिलांनी तो ऐकून सुटकेचा श्वास टाकला. मोठ्या माणसाचा असता तर उत्तमच म्हटला असता, पण सात वर्षांच्या मुलीला तो जास्त होता. मुलांचा रक्तदाब वय, उंची आणि मुलगा-मुलगी पाहून कोष्टकाशी ताडावा लागतो, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही क्वचितच ठाऊक असते.

कोल्हापूरच्या मूत्रपिंडविकारतज्ज्ञांनी बायोप्सी सुचवली आणि घर दोन दिवस गप्प झाले. एवढ्याशा मुलीच्या मूत्रपिंडात सुई घालायची, ही कल्पनाच आजीला सोसवेना. वडील संमतिपत्र हातात धरून बसले होते. सही करण्यापूर्वी त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र वेगळाच होता, आणि तो त्यांना आठवडाभर जाळत होता. “डॉक्टर, पहिल्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केलं असतं, तर हे टळलं असतं ना?”

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. असे वाटणे स्वाभाविक आहे आणि डॉक्टरांनाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत होते, असे त्यांनी सांगितले. म्हणूनच ब्रिटनमध्ये ३५२ मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना आजाराच्या प्रारंभीच चौदा दिवस प्रेडनिसोलोन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. वर्षभराने दोन्ही गटांच्या लघवीतील प्रथिनांत फरक आढळला नाही. २०१३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फिनलंडमधील मुलांवर त्याआधी झालेल्या चाचणीतही हेच दिसले होते, की स्टेरॉइडने पोटदुखी आणि सांधेदुखी हलकी होते, मूत्रपिंडाचा विकार मात्र टळत नाही. “तेव्हा पहिल्या दिवशी कोणाकडूनही काही राहिलेलं नाही. तुमच्या मंडळींनी चौथ्या आठवड्यात पट्टी बुडवली नसती, तर मात्र राहिलं असतं,” असे म्हणून त्यांनी आईकडे पाहिले. वडिलांनी सही केली.

बायोप्सीविषयी जितकी भीती असते, तितका तिचा व्याप नसतो. मुलीला गुंगीचे औषध दिले, पाठीवरची जागा बधिर केली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत बारीक सुईने धाग्याएवढे दोन तुकडे काढले. नंतर दिवसभर उताणे झोपवून ठेवले आणि प्रत्येक वेळची लघवी पाहिली, कारण रक्तस्राव हा या तपासणीचा खरा धोका. आजीने त्या दिवसात तिला तिच्या पणजोबांच्या बैलगाडीच्या शर्यतीची गोष्ट तीनदा सांगितली. तुकड्यांपैकी एक नेहमीच्या सूक्ष्मदर्शकासाठी गेला आणि दुसरा खास द्रावणात घालून पुण्याला पाठवला. आयजीएचे साठे चकाकते रंगद्रव्य वापरून पाहण्याची ही दुसरी तपासणी होय. याच पद्धतीने पॅरिसमध्ये झां बर्जे याने १९६८ साली मूत्रपिंडातील आयजीएचे साठे प्रथम दाखवले होते.

अहवालात अठरा ग्लोमेरुलस मोजलेले होते. चारांमध्ये ‘अर्धचंद्र’ होते. केशवाहिनीचा गुंता दाहाने फाटला, की त्याच्या वेष्टनात पेशींची चंद्रकोरीसारखी रास साचते आणि गुंत्याला एका बाजूने दाबू लागते. तिला वेळीच आवरले नाही, तर तेथे व्रण होतो, आणि व्रण झालेला ग्लोमेरुलस पुन्हा गाळणीचे काम करीत नाही. उपचार किती कडक करावयाचे हे बरेचसे या अर्धचंद्रांच्या प्रमाणावर ठरते. लघवीत नुसत्या थोड्या लाल पेशी असतील, तर औषध न देता पाहत राहणे हाच उपचार. प्रथिने बराच काळ जात राहिली, तर एनालाप्रिलच्या जातीची गोळी. दाह मध्यम असेल तर स्टेरॉइड. अर्धचंद्र निम्म्याहून अधिक गुंत्यांत असतील किंवा मूत्रपिंडाचे काम झपाट्याने घसरत असेल, तर सायक्लोफॉस्फमाइडसारखे जालीम औषध आणि मागाहून अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट. शेजारच्या खाटेवरील मुलाला दिलेले औषध आपल्या मुलाला का नाही, असा प्रश्न पालक विचारतात. उत्तर असे त्या काचपट्टीवर असते.

या मुलीला तीन दिवस शिरेतून मेथिलप्रेडनिसोलोन दिले आणि नंतर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, रोज सकाळी न्याहारीनंतर, सहा महिन्यांत पायरीपायरीने कमी करीत. सोबत एनालाप्रिल. ते रक्तदाब उतरवते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्लोमेरुलसच्या आतील दाब कमी करून प्रथिनांची गळती रोखते. या गटातील पहिल्या गोळीचा, कॅप्टोप्रिलचा, माग ब्राझीलमधील जराराका नावाच्या सापाच्या विषावरील संशोधनातून लागला. हे कळल्यावर आजोबांनी काळजीने चौकशी केली. गोळी संपूर्णपणे प्रयोगशाळेत घडवलेली असते, तिच्यात सापाचे काही नसते, असे समजल्यावरच त्यांचे समाधान झाले. उलट्या-जुलाब होऊन अंगातील पाणी कमी झाले, तर ही गोळी तात्पुरती थांबवण्याविषयी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे लागते. आईने ते वाक्य स्वयंपाकघराच्या फळीवर चिकटवले.

स्टेरॉइडचे महिने त्या घराने कसे काढले, हे खरे सांगण्यासारखे आहे. चेहरा चंद्रासारखा गोल झाला, गालांवर लव आली, भूक इतकी वाढली की रात्री साडेनऊला मुलगी भाकरी मागू लागली. कधी कारण नसता रडे, कधी भावाला मारी. मिठावर बंधन आले. लोणचे, पापड आणि फरसाण डब्यातून गेले. आजीने सगळ्या घराची आमटी कमी मिठाची केली. वेगळे शिजवले तर पोरीला वेगळे वाटेल, हे तिचे कारण होते. शाळेत कोणी “भोपळा” म्हणाले. आई बाईंना भेटली. बाईंनी वर्गाला काय सांगितले ते माहीत नाही, पण तो शब्द पुन्हा ऐकू आला नाही.

लग्नसराईत एका नातलगाने “एवढ्या लहान पोरीला स्टेरॉइड? आधी बंद करा, मी पुडी आणून देतो” असे छातीठोकपणे सांगितले. असे सल्लागार प्रत्येक कुटुंबात असतात आणि त्यांचा आवाज मोठा असतो. काही आठवडे स्टेरॉइड घेतले, की मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी आपले नैसर्गिक स्टेरॉइड बनवणे मंदावतात. गोळी एकाएकी बंद केली तर साध्या तापातही मूल कोसळू शकते. अनोळखी पुड्यांत पारा-शिशासारखे जड धातू असल्याची उदाहरणे आहेत आणि ते मूत्रपिंडाचे वैरी आहेत. कुटुंबाने पुडी घेतली नाही. त्याच काळात वर्गात कांजिण्यांची साथ आली, तेव्हा मुलीला पुरळ येण्याची वाट न पाहता आईने त्याच दुपारी डॉक्टरांना फोन केला. स्टेरॉइडवर असलेल्या मुलाला कांजिण्या जड जातात आणि संपर्क झाल्यावरचे पहिले काही दिवसच हाती असतात. जिवंत विषाणूंच्या लसीही त्या काळात पुढे ढकलाव्या लागतात.

गुणोत्तर सहा आठवड्यांनी १.४ झाले, चौथ्या महिन्यात ०.६. मग दोन महिने ते हललेच नाही आणि घरात पुन्हा कुजबुज सुरू झाली. औषधे बदलली नाहीत. डॉक्टरांनी केवळ एनालाप्रिलची मात्रा थोडी वाढवली. दहाव्या महिन्यात ०.२ ला आले. लाल पेशी त्यानंतरही वर्षभर अधूनमधून दिसत राहिल्या. या आजारात त्या सर्वांत शेवटी जातात.

वर सांगितलेल्या आढाव्यात एकूण मुलांपैकी १.८ टक्क्यांच्या मूत्रपिंडास कायमची इजा झाली. आकडा लहान आहे. परंतु ज्यांना या मुलीसारखी सूज, उतरलेले अल्ब्युमिन किंवा वाढलेला रक्तदाब यांसह विकार झाला, त्यांच्यात तो १९.५ टक्के होता. पहिला आकडा सांगून पालकांना धीर देता येतो. दुसरा सांगितल्याशिवाय त्यांना पुढच्या तपासण्यांचे कारण कळत नाही. दोन्ही सांगणारे डॉक्टर या कुटुंबाला भेटले.

मुलगी आता चौथीत आहे. चेहरा पूर्ववत झाला आहे, गोळ्या बंद आहेत. दर सहा महिन्यांनी लघवी आणि रक्तदाब पाहिला जातो. पुढे वर्षातून एकदा, आणि तो बहुधा कायमचाच. लहानपणी असा विकार झालेल्या स्त्रियांना, मूत्रपिंड पूर्ण बरे झाले असले तरी, गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा व प्रथिने जाण्याचा धोका अधिक असतो, म्हणून त्या वेळी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावे लागते. आईने बायोप्सीचा अहवाल, औषधांच्या तारखा आणि पट्ट्यांची वही एका फाइलीत लावली असून पहिल्या पानावर हीच सूचना ठळक अक्षरांत लिहिली आहे. आजीने ती वाचून घेतली आणि “अगं, अजून तिचे दुधाचे दात पडतायत” म्हणून हसली. फाइल मात्र तिने स्वतःच्या कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवून घेतली.